पोवळीचं जुनं दावं

इब्रामपूर, ५ ऑगस्ट २०२५

चि. कृष्णनाथ,

आशीर्वाद. फोन तू ब्लॉक केलास, पण आशीर्वाद ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पोस्टमनलाही कुणी ब्लॉक करत नाही, म्हणून ही वाट. इब्रामपूर ते डिचोली स्कूटरने तासाभराची वाट आहे, तरी सख्ख्या भावाला पत्र लिहायला लागतंय. ऐकणारे हसतात. मीही हसते.

तुझ्या लेकीकडून, सेजलकडून, निरोप मिळाला. दिवाळीचा पाडवा झाला की दोडामार्गच्या पलीकडचा धोंडिबा टेंपो घेऊन येणार आणि पोवळीला नेणार. बरं. पोवळी तुझी आहे. ती जन्मली त्या दिवशीच बाबांनी ती तुझ्या नावावर ठेवली, काजळी म्हैस माझ्या नावावर, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझी गाय तू कुणालाही दे, मी आड येणार नाही. तुला वाटतं की गाय गेली की मी म्हैसही काढीन आणि तुझ्या फ्लॅटमध्ये खिडकीशी कदेल टाकून बसून राहीन. तसं होणार नाही. पण तो पुढचा प्रश्न.

गेल्या वर्षी अंगणात घसरून माझं मनगट मोडलं तेव्हा हॉस्पिटलात तू विचारलंस, जनावरं मोठी की भाऊ? त्यावर मी "जनावरं" म्हटलं आणि तू बोलणं टाकलंस, पण उत्तर आजही तेच आहे. असले प्रश्न विचारले की अशीच उत्तरं मिळतात. बालवाडीत मुलं विचारायची, "बाई, तुमका मी आवडतंय की तो?" त्यांनाही मी सरळ उत्तर कधी दिलं नाही.

आता मुद्द्याचं. कपाटातला तुझा कॅमेरा मी काढला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. लग्नाचे फोटो काढणं सोडून कंपनीत लागलास तेव्हा तू तो टॉवेलात गुंडाळून ठेवला होतास. आपल्या हवेत टॉवेलात गुंडाळलेल्या वस्तूचं काय होतं ते तुला सांगायला नको. लेन्सला बुरशी आली होती. म्हापशाला नेऊन साफ करून आणली. तू रागावशील. रागाव.

माझी अट एकच आहे. द्यायच्या आधी बघ, काय देतोयस ते. निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या नवऱ्या मुलींवर फोकस केलास, घरच्या गोठ्याकडे कॅमेरा कधी वळवला नाहीस. "हंगा कितें आसा फोटो काडपासारकें?" म्हणायचास. तर पाडव्यापर्यंत मी तुला पाठवत राहणार.

सोबत पहिला. पोवळीचा डावा कान आहे. उन्हात धरला की आतल्या शिरा दिसतात, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. थोडा हललाय, कारण तिने माशी उडवली. माशीही आलीय बघ कोपऱ्यात.

तुझी बाय,
सत्यवती


इब्रामपूर, १९ ऑगस्ट

चि. कृष्णनाथ,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण पाकीट परत आलं नाही, म्हणजे फोडलंस. सेजल म्हणते, "बाबांनी कान खूप वेळ बघला, मागीर वर्तमानपत्राखाली दवरलो." रद्दीत गेला नाही, एवढं मला पुरे.

या खेपेला काजळी पाठवतेय. तिने माझा जीव खाल्लाय. न्हयच्या पाण्यात बसलेल्या म्हशीचा फोटो काढणं सोपं वाटतं. ती हलत नाही, बोलत नाही, पदर सारखा करत नाही. पण पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया गेले. माझी काळीभोर म्हैस कॅमेऱ्यात राखाडी यायची, पावसात भिजलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखी. आणि तिच्या पाठीवर बसलेला बगळा म्हणजे नुसता पांढरा डाग, ना पीस ना चोच.

मी काठावर बसून कॅमेऱ्याला शिव्या देत होते. तेवढ्यात तुझंच वाक्य आठवलं. तू लग्नात फोटो काढायचास आणि मी तुझा दिवा धरून उभी असायचे. पाय भरून यायचे, नवरीच्या मावश्या मला मांडवातली नोकर समजायच्या, आणि तू मात्र "बाय, उजेड वयर… बाय, उजेड मातसो सकल" यापलीकडे काही बोलायचा नाहीस. तेव्हाच कधीतरी सांगितलं होतंस की कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम रंगाचं करायची खोड असते. काळा कोट दिसला की तो उगाच उजळतो. म्हणून काळ्याला उजेड कमी द्यायचा, पांढऱ्याला जास्त. मी कॅमेऱ्यातला उजेड दोन घरं कमी केला. आणि काजळी काजळी झाली! ओल्या पाठीवर आभाळ उतरलंय बघ, आणि शिंगावरच्या चिखलात तिच्या शेपटीची नक्षी आहे. बगळ्यासाठी ढग यायची वाट बघितली. बगळाही थांबला. तुझ्यापेक्षा शहाणा.

दिवा धरणाऱ्या माणसाला सगळं दिसतं, कृष्णनाथ. फोटो काढणाऱ्याला चौकटीतलं, आणि दिवा धरणाऱ्याला चौकटीबाहेरचंही. मला वाटतं मी शिकले ती तिथे.

चंद्रभागा काकी शेजारून रोज ओरडते, "गो, म्हशीक दिश्ट लागतली!" मग मीठ-मिरची ओवाळते. आधी म्हशीवरून, मग कॅमेऱ्यावरून. लेन्सवर मीठ पडेल म्हणून मला झाकण लावून पळावं लागतं.

चवथीला येशीलच. गणपतीवरची फळांची माटोळी मी बांधते. सुप्रियाला सांग, नेवऱ्या इथे येऊन तळू, घरून करून आणू नको.

सत्यवती


इब्रामपूर, ३ सप्टेंबर

चि. कृष्णनाथ,

आलास. गणपतीसमोर बसलास, आरती म्हटलीस, तीन वेळा जेवलास, आणि माझ्याशी एक अक्षर न बोलता गेलास. आपल्या घराण्यात मौनव्रत कुणी एवढं भरल्या पोटाने पाळलं नसेल.

"सेजल, तुज्या आत्येक सांग, खतखतें बरें जालां."

"सेजल, तुज्या बापायक सांग, आनी जाय जाल्यार तोंडान माग."

बिचारी सेजल मध्ये बसून हसावं की रडावं या विचारात. सुप्रिया तर स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही दोघं एकाच मातीची." मी म्हटलं, माती एकच, पण मला नीट भाजलंय.

तू गोठ्याकडे फिरकला नाहीस. विहिरीवर जाताना वाटेत गोठा लागतो म्हणून मागच्या दाराने वळसा घालून गेलास, तेही पाहिलं मी. ज्याला गाय देऊन टाकायची असते तो तिच्यासमोरून सरळ जातो. वळसा कोण घालतो, याचा विचार कर.

आणखीही एक पाहिलं. वाढप चाललं होतं तेव्हा तू ओसरीवरच्या फोटोपुढे उभा होतास. सकाळच्या राखणीचा फोटो. आता गावात गोरवं तीनच घरांकडे उरलीत, त्यामुळे आळीपाळीने एकेका घरचा माणूस सगळी जनावरं घेऊन सड्यावर चारायला जातो. त्या दिवशी पाळी माझी होती. धुकं, पुढे काजळी, मागे काकीचे दोन पाडे, आणि सगळ्यांच्या मागे पोवळी वळून बघतेय. कुणी मागे राहिलंय का ते बघायची तिची सवय. तू बोट काचेवर ठेवून काहीतरी मोजत होतास. मला माहीत आहे काय. क्षितिज वाकडं आहे. मला नंतर दिसलं. पण वाकडं आहे हे सांगायला तरी तोंड उघडायचं होतंस! मी ताटकळत होते तिथे, हातात वरणाचं भांडं घेऊन.

निघताना सेजलच्या तोंडून पुन्हा तेच वदवलंस: पाडव्यानंतर धोंडिबा येणार. बरं म्हटलं मी. पुन्हा म्हणते, बरं.

सोबत पोवळीचा खूर. शेणामातीत उमटलेला, त्यात साठलेलं पाणी, आणि पाण्यात आपल्या माडाचं टोक. एवढ्याशा खुरात अख्खा माड मावलाय.

सत्यवती


इब्रामपूर, २१ सप्टेंबर

चि. कृष्णनाथ,

काल हरमलला गेले होते. बालवाडीतल्या माझ्या जुन्या मदतनीस बाईच्या मुलीने तिथे पर्यटकांना खोल्या दिल्यात. तिला भिंतीवर लावायला गावचे फोटो हवेत. माझे बघून म्हणाली, "बाई, तुम्ही काडल्यात?" हो, मी काढलेत. लोकांना एवढं आश्चर्य का वाटतं कळत नाही. जी बाई जन्मभर म्हशीकडे बघत आली, तिला म्हैस दिसणार नाही तर कुणाला?

काम झाल्यावर किनाऱ्यावर गेले. तिथल्या गाई तू पाहिल्यास का अलीकडे? वाळूत रवंथ करत बसतात, समुद्राकडे पाठ करून. देखणी जनावरं, पण कुणाचीच नाहीत. एक गोरा मुलगा गाईपुढे पोटावर आडवा होऊन फोटो घेत होता. मागे लाटा, संध्याकाळचं सोनेरी ऊन. मला दाखवला त्याने, आणि फोटो उत्तम होता. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा सरस. मी त्याला विचारलं, तिचं नाव काय? तो म्हणाला, नाव कसं कळणार?

तिथेच मला माझ्या फोटोंचं गणित सुटलं. पोवळीला हाक मारली की आधी डावा कान फिरतो, मग मान, मग डोळे. मी कान फिरल्यावर बटण दाबते. म्हणून माझ्या सगळ्या फोटोंत ती नुकतीच कुणाचं तरी ऐकू लागल्यासारखी दिसते. हे त्या मुलाला कितीही महागाच्या कॅमेऱ्याने जमणार नाही. आणि हे धोंडिबाकडे गेल्यावर मलाही जमणार नाही.

हे वाक्य लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

सोबत हरमलची गाय आणि आपली गाय, दोन्ही पाठवते. शेजारी शेजारी ठेवून बघ.

सत्यवती


इब्रामपूर, ९ ऑक्टोबर

कृष्णनाथ,

धोंडिबा येऊन गेला. तू पत्ता दिलास म्हणे.

तो कसाई असता, उद्धट असता, तर मला सोपं गेलं असतं. माणूस चांगला निघाला. आल्यावर आधी पाय धुतले, मग गोठ्यात शिरला. पोवळीच्या पाठीवर एकदम हात ठेवला नाही, लांबून नाव विचारलं, हाक मारली, आणि तिने कान फिरवल्यावरच पुढे झाला. काखेत, जिथे तिला खाजवलेलं आवडतं, तिथे न सांगता बोटं गेली. मला म्हणाला, "ताई, माझ्याकडे बारा हाईत. हिला तेरावी म्हणून न्हाई, पहिली म्हणून ठेवीन." मी चहा दिला. त्यात साखर घालायला विसरले, तो तसाच प्यायला.

तो गेल्यावर मी बालदी घेतली आणि काजळीखाली बसले, आणि दूध काढता काढता रडले. काजळीने शेपटी मारली तोंडावर. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, दुभत्या म्हशीच्या शेपटीचं काय ते कुणी लिहिलेलं नाही.

तू हे रागाने करत असशील असं मी धरून चालले होते. एवढा चांगला माणूस शोधलास म्हणजे रागाने नाही केलंस. मग कशाने, ते मला समजत नाही. आणि न समजलेली गोष्ट मला सहन होत नाही.

असो. एक फोटो काढायचा राहिलाय. आतापर्यंत कान काढला, खूर काढला, वळलेली मान काढली. आख्खी पोवळी, नटवून-थटवून, समोरून, कधी काढलीच नाही. जायच्या आधी तो एक काढते. तुझ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावण्यासारखा. मग तू मोकळा आणि मीही.

सत्यवती


इब्रामपूर, १९ ऑक्टोबर

चि. कृष्णनाथ,

काल तू आलास तिथपासूनचं तुला माहीत आहे. त्याआधीचं सांगते, कारण वाटेत तू माझ्याबद्दल काय काय विचार केलास ते सुप्रियाने फोनवर सांगितलं, आणि मला माझी बाजू लिहून ठेवायचीय.

शुक्रवारी सकाळी पोवळीला न्हयत घासून धुतली. शिंगांना खोबरेल लावलं. कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूच्या फुलांची माळ. तिचं निळं नायलॉनचं दावं पार विटलंय, फोटोत दिसायला घाण. म्हणून काथ्याचं नवं वळून बांधलं. आणि जुनं दावं मागच्या खुंटीला अडकवलं, कारण लाल मातीच्या भिंतीवर तो विटका निळा रंग मला आवडला. चौकटीत एक कोपरा रिकामा होता, तो भरला. झालं. बटण दाबलं, मोबाईलवर घेऊन सेजलला पाठवला, आणि सेजलने कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला.

आपल्याकडे गाय कशी सजवतात, कृष्णनाथ? पाडव्याला सजवतात, ठसे उठवून, गळ्यात तांदळाचे पोळे बांधून. आणि दुसरी कधी सजवतात? घरातून कायमची पाठवताना. धुऊन, कुंकू लावून, नव्या दाव्याने. जुनं दावं देत नाहीत, ते घराच्या खुंटीला राहतं, म्हणजे गाईबरोबर घरची लक्ष्मी जात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून ऐकत आले. पण बाबांनी कधी जनावर विकलं नाही, त्यामुळे आपल्या खुंटीला तसं दावं मी कधी बघितलं नव्हतं. मी फक्त रंग बघितला. इतके दिवस तुला टोमणे मारते की तू चौकटीबाहेरचं बघत नाहीस, आणि माझ्याच चौकटीच्या मधोमध काय होतं ते मला दिसलं नाही.

काकीला पहिल्यांदा दिसलं. पोवळीला द्यायला गुळाचा खडा घेऊन रडत आली. "गो सत्यवती, पोवळेक धाडटा आनी आमकां एक उतर सांगूक नाय?" मी तिला समजावतेय तोवर धोंडिबाचा फोन, दुखावलेला: "ताई, दुसऱ्याला द्यायची व्हती तर सांगायचं." त्याच्यापर्यंत फोटो कुणी पोचवला देव जाणे. शनिवारी राखणीची पाळी माझी, म्हणून मी फोन चार्जिंगला लावून सगळी जनावरं घेऊन सड्यावर गेले. तू माझा ब्लॉक काढलास हे मला मागाहून मिस्ड कॉलांच्या रांगेवरून कळलं.

दुपारी परतले तर तू गोठ्यात. रिकाम्या गोठ्यात, पोवळीच्या गवतावर बसलेला, हातात ते निळं दावं. कंपनीचे कपडे, एका पायात चप्पल. तेव्हा तुझं तोंड कसं होतं ते लिहीत नाही, कारण ही पत्रं सुप्रियाही वाचते.

"बाय, कोणाक दिलें तिका?"

चौदा महिन्यांनी पहिलं वाक्य. सेजलमार्फत नाही, थेट.

मी उत्तर देण्याआधीच पोवळी आत शिरली. तिने तुला ओळखलं आणि तुझ्या खांद्यावर मान टाकली, असं मी लिहिणार नाही. तिने तुला शिंगाने बाजूला ढोसलं, कारण तू तिच्या जेवणावर बसला होतास. मग तुझ्या चप्पल नसलेल्या पायावर पाय दिला. आणि तू ओरडायचं सोडून हसायला लागलास. हसता हसता काय झालं तेही लिहीत नाही.

मग म्हणालास, मुद्दाम केलंस. कृष्णनाथ, मला मुद्दाम असं काही करता येत असतं तर अडीच महिने पत्रं कशाला लिहीत बसले असते? पहिल्याच आठवड्यात केलं असतं.

आणि मग नाक पुसून, मोबाईलवर तोच फोटो पुढे धरून: "फोटो वायट काडलां. पोवळेक सोडून नदर दाव्यार वता."

बरोबर आहे. गाईला सोडून नजर दाव्यावर जाते. त्या फोटोबद्दल यापेक्षा खरं कुणी बोललं नाही.

मी विचारलं, मग का देत होतास? तेव्हा तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते माझ्या अक्षरात हवंय. "तूं इतले फोटो धाडलंय. कान धाडलो, खूर धाडलो. माका मात तोच एक फोटो दिसता. हॉस्पिटलातलो, तुज्या मनगटाचो. हाडाचे दोन कुडके. बाबा गेले. तुका कितें जालें जाल्यार माका कोण आसा?"

त्या एक्स-रेचं मला कधी सुचलंच नव्हतं. तू तो उजेडाकडे धरून बघत होतास, एवढं आठवतं. तेवढा एकच फोटो तू वर्षभर डोळ्यांपुढे ठेवलास आणि मी तुला गोठ्याची शोभा दाखवत बसले.

मला तुझी फार आठवण येत होती. झालं, लिहिलं.

धोंडिबाला तू माझ्यासमोर फोन केलास, त्याची माफी मागितलीस. तो म्हणाला, "बरं झालं. ती वळून बघणारी गाय हाय, माझ्याकडं रुळली नसती." त्याला तिळाचे लाडू पाठवायला हवेत.

पाडव्याला सगळी या. ठसे उठवायला नारळाच्या करट्या मी जपून ठेवल्यात.

सत्यवती


इब्रामपूर, २७ ऑक्टोबर

चि. कृष्णनाथ,

फोन सुरू झाला तरी पत्र लिहितेय. सवय लागली. शिवाय फोनवर तू मध्ये बोलतोस.

अंगणात तू घातलेल्या रबरी चटया काजळीला पसंत नाहीत. पहिल्या दिवशी ती त्यांच्यावर पाय ठेवेना, काल ठेवला. मी मात्र घसरत नाही. तू म्हणालास म्हणून घालू दिल्या, आणि तू म्हणालास म्हणून राहतील. मी क्वचित ऐकते, तारीख लिहून ठेव.

पाडव्याचे फोटो छापून आले. सेजलने काढलेले चांगले आहेत. पोवळीच्या अंगावर तांदळाच्या पिठाचे गोल ठसे, गळ्यात पोळ्यांची माळ, आणि काकीचा पाडा मागून ती माळ खातोय. सुप्रियाचा काजळीबरोबरचा फोटो तिला दाखवू नको, तिचे डोळे मिटलेत. काजळीचे उघडे आहेत.

तू काढलेला मात्र एकच. मी त्याच्याकडे फार वेळ बघत होते.

तू कॅमेरा मागितलास तेव्हा मी सवयीने विचारलं, उजेड कोण धरणार? तू म्हणालास, "आज तूं उबी राव. सूर्य धरतलो." आणि मला पोवळीशेजारी उभं केलंस. इतक्या लग्नांत इतका उजेड धरला मी, पण तो कधी माझ्यावर पडला नव्हता. फोटोत माझं तोंड वेंधळं आलंय, केस विस्कटलेत, आणि मोडून जुळलेलं मनगट पोवळीच्या गळ्यावर आहे, जरा वाकडं. तू तिथेच फोकस केलास. मनगटावर. आता हा फोटो त्या एक्स-रेच्या जागी ठेव. काळ्याला कमी केलं आहेस, पांढऱ्याला जास्त. हात अजून तयार आहे तुझा.

एक विचारायचं होतं, पण सेजलनेच सांगून टाकलं. पाडव्याला तुम्ही गेल्यावर खुंटीवरचं जुनं दावं नाहीसं झालं. मला वाटलं कचऱ्यात गेलं. ते तुझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या खिळ्याला अडकवलंय म्हणे, आणि सुप्रिया म्हणते की धुतलेल्या चादरींना गोठ्याचा वास येतो. येऊ दे. गाय ज्या घरातून जाते त्या घरी दावं राहतं. तुझ्या घरातून गाय कधीच गेली होती, कृष्णनाथ. दावं आत्ता पोचलं. ते काढू नको.

येत्या रविवारी राखणीची पाळी आपल्या घराची आहे. मी काकीला तुझं नाव सांगितलंय. चप्पल दोन्ही पायांत घालून ये. आणि उन्हं वर यायच्या आधी ये, सड्यावर उजेड तेव्हाच चांगला असतो.

तुझी बाय,
सत्यवती